बिघडलेलं मशीन चालेल

अजमान,
१३ ऑक्टोबर २०२५

प्रिय विभाताई,

वाकून नमस्कार. कंबर धरली आहे, तेव्हा तो मनातूनच समज. समिधा बरी आहे. मैथिलीला मराठीत काही विचारलं की "बाबा, आय ॲम बिझी" हेच उत्तर. उकाडा जरा उतरलाय. ऑफिस ठीक आहे. म्हणजे जिथे होतं तिथेच आहे.

मी तिथे नाही. मार्चपासून.

कंपनीने सोळा जणांना एका दुपारी खलास म्हणून सांगितलं, त्यात मी. घरी बोलायचा, अगदी बायकोला सांगायचाही, धीर झाला नाही. रोज टाय लावून निघायचो आणि बिल्डिंगमागच्या कमरुद्दीनभाईंच्या रिपेअरिंगच्या दुकानात बसायचो. तुझा फोन आला की 'मीटिंगमध्ये आहे' म्हणायचो, तो तिथूनच.

तिथे रामचंद्र भेटला. खेडकडचा, सेहेचाळीस वर्षांचा. एकोणीस वर्षं साइटवर सिमेंटच्या गोण्या उचलून गुडघा गेलेला. सुट्टीच्या दिवशी यायचा आणि कमरुद्दीनभाईंचे हात बघत उभा राहायचा. एकदा म्हणाला, "साहेब, हे काम बसून करता येतं. पण मला शिकवणार कोण?"

कमरुद्दीनभाई म्हणाले, "मैं सिखाऊंगा. लेकिन कस्टमर की मशीन पे नहीं."

मग काय, मी रिकामा मॅनेजर! समिधाला माझं नाव दिसू नये म्हणून त्यांच्याच फोनवरून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं, 'शिकायला जुनी मशिनं हवीत. बिघडलेलं चालेल.'

ताई, इथली माणसं देश सोडताना अख्खा संसार मागे टाकून जातात. दोन दिवसांत चौदा वॉशिंग मशीन, नऊ मिक्सर आणि, का कोण जाणे, एक ट्रेडमिल. पार्किंग भरलं. वॉचमन "यल्ला, हटाओ!" करत नाचायला लागला. आणि आमचा बंद मिक्सर घेऊन कोण खाली आलं? समिधा. मी टाय पाठीवर टाकून मशीनखाली आडवा.

"मीटिंग चालू आहे?" तिने विचारलं.

तीन दिवस ती कुठेकुठे फोन करत होती. चौथ्या दिवशी मला म्हणाली ती एवढंच, की इथे परवानगीशिवाय असं दान गोळा करता येत नाही, आणि तिने एका नोंदणीकृत संस्थेची वेळ घेतली आहे. संस्थेने सगळं आपल्या नावावर घेतलं, शेड दिली. दुरुस्त झालेली मशिनं विकून क्लास चालतो. कमरुद्दीनभाई शिकवतात, मी हजेरी घेतो, शिकणाऱ्यांचे नोकरीचे अर्ज लिहितो. पगार निम्म्याहून कमी, पण तो खराखुरा आहे.

रामचंद्रने जोडलेलं पहिलं मशीन सुरू झालं आणि चालायला लागलं. म्हणजे खरंच चालायला, शेडभर! तो वर बसला तरी थांबेना. दोघेही दाराला जाऊन धडकले.

काल पहिल्या अकरा जणांना सर्टिफिकेटं दिली. रामचंद्रला रास अल खैमाच्या एका हॉटेलच्या लाँड्रीत टेक्निशियनची नोकरी लागली आहे. सर्टिफिकेटचा कागद इंग्रजीत, म्हणून म्हणाला, "साहेब, वाचून दाखवा." वाचला. "नुसतं नाव परत वाचा." परत वाचलं. तिसऱ्यांदा मला वाचवेना, समिधाने वाचलं.

तू चिपळूणभर भाऊ मॅनेजर आहे म्हणून सांगतेस, मला ठाऊक आहे. त्याचीच लाज सात महिने बाळगली. काल, त्या शेडमध्ये, ती वाटली नाही. आता लोकांना काय सांगायचं ते तूच ठरव; मी नाही म्हणणार नाही.

तुझ्याशी खोटं बोलून दमलेला,
तुझाच धनंजय