पोटापुरतं म्हणजे किती

९ जानेवारी
कोर्टानं मला नादार ठरवलं त्याला महिना होत आला. दोन कँटीनपैकी मोठं गेलं. कारखानाच बंद पडला, माझी बिलं तिथं बुडाली आणि माझ्याकडून किराणावाल्याची, तेलवाल्याची, बँकेचं कर्ज, वरवंडच्या भावाचे, दादाचे, उसने पैसे. छोटं कँटीन चालू आहे, पण त्याचा सगळा पैसा रिसीव्हरकडं जातो. म्हणजे कोर्टानं नेमलेले वकील, दौंडचे. वयस्कर आहेत. आवाज चढवत नाहीत.
आज त्यांचा फोन. "घरखर्चाला महिन्याला काय लागतं ते लिहून द्या. तेवढं कोर्ट मंजूर करेल, कदाचित कमी. फुगवू नका. लाजूही नका."
तीनशे माणसांचा शिधा मी उभ्याउभ्या सांगते. चौघांचा लिहायला बसले आणि सुचेना.

१२ जानेवारी
सगळे मिळून बसलो. हे म्हणाले, "माझा पंपावरचा पगार आधी धर, नायतर साहेब म्हणतील लपवला." लेकीचं, प्राजूचं, नर्सिंगचं दुसरं वर्ष, तिची फी, यवत-दौंड रेल्वेचा पास. सासरे, आबा, केंदूरहून आमच्याकडं राहायला आलेत, त्यांचं एकच चालू. "माझं काय लिहू नगंस. मी दोन घास खातो."
"आबा, दोन घासबी लिहावं लागत्यात."
"मंग पेपर लिही. पेपर वाचल्याबिगर घास उतरत न्हाई."
पेपर लिहिला. खोडला. परत लिहिला.

१७ जानेवारी
रिसीव्हर साहेब घर बघून गेले. सकाळपासून घोर, त्यांच्यापुढं ठेवायचं काय. वर खोबरं-कोथिंबीर पेरली तर म्हणतील हिला कसली कमी. नुसता चहा ठेवला तर माझंच मन खाईल. शेवटी कांदेपोहे, रोज करते तसे. बशी रिकामी केली त्यांनी. मग चष्मा लावला.
"दूध एवढं लागतं?"
"आबांना चार वेळा चहा लागतो."
आतून आबा, "पाच!"
साहेब हसले. दूध तसंच ठेवलं. घरातली भांडी, शेगडी राहू द्या म्हणाले. केंदूरच्या जमिनीचं विचारलं. आबांच्या नावावर आहे, सातबारा दाखवला.
'लग्नकार्य, आहेर' इथं थांबले. "हे हौसेत जातं."
"साहेब, वरवंडला भाचीचं लग्न आहे. आत्या रिकाम्या हातानं कशी जाईल?"
"बाई, कायद्यात माहेर नाही."
रेघ मारली. पेन्सिलीनं, बारीक.

२ फेब्रुवारी
दादा आला होता. उभाच. ऋतुजाच्या लग्नाची तारीख धरलीय, मांडव, आचारी, सगळंच. "शाले, माझं सगळं नगं. निम्मं तरी मोकळं कर."
सांगितलं, मला आता असं एकट्याला देता येत नाही. दिलं तर कोर्ट तुझ्याकडून परत मागंल.
"कुणाला कळतंय?"
"मला कळंल की."
चहा झाला होता. घेतला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा.

५ फेब्रुवारी
रात्रभर... असो. सकाळी एक सुचलं. लग्नाचा स्वयंपाक मी करून द्यावा, फुकट. आचाऱ्याचा खर्च तरी वाचेल. साहेबांना फोन करून विचारलं, हे चालतं का. म्हणाले, "तुमचे हात काही कोर्टाच्या ताब्यात नाहीत. पण भावानं पैसे दिले तर मला सांगा."
लगेच वहिनीला फोन. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वन्सं, लोक म्हणतील पैसं वसूल करायला नणंदंला चुलीपुढं बसवली."
बरी आहेस ना विचारलं, ठेवला.

१३ फेब्रुवारी
माझ्या खर्चाच्या कागदाची प्रत सगळ्या घेणेकऱ्यांना, म्हणजे मी ज्यांचं देणं लागते त्यांना, गेली. आमचं दूध, आमचा पेपर आता किराणावाल्याच्या गल्ल्यावर. कुणी हरकत घेणार असेल तर २१ला कोर्टात सांगायचं.
यांना पंपावर वरवंडचा एकजण भेटला. दादापण बोलणार म्हणे.
बोलू दे. पैसे त्याचे आहेत.

२१ फेब्रुवारी
पुणे. आधी किराणावाला उठला. "साहेब, ह्यांच्या घरी पेपर येतो. आम्ही उधारीत बुडालो, आन् ह्यांना पेपर." खोटं काय आहे त्यात. मी खाली बघत होते.
मग दादा. कागद हातात. "माझीबी हरकत हाय. ह्यो खर्च बरोबर न्हाई."
कागदावर बोट ठेवून पुढं म्हणाला,
"हिला शुगर हाय, साहेब. दोन टाइम गोळी हाय. ती ह्यात कुठंय? ही आजारी पडली तर कँटीन कोण चालवणार, आन् आमचं पैसं कुठनं येणार?"
जज्जसाहेबांनी मला विचारलं, खरं का? हो म्हटलं. लिहायची विसरले नव्हते. चौघांचं लिहायला बसले आणि तिघांचंच लिहिलं. वाटलं, तेवढंच कमी दिसेल.
हुकूम पुढच्या तारखेला.
येताना एकाच एस.टी.त. दोन्ही तिकिटं त्यानं काढली. मी पर्स उघडली तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे, बायांना अर्धंच हाय." यवत आलं, मी उठले.
"पैसं मी सोडल्यालं न्हाईत."
"माहीत हाय."
"लग्नाला ये. स्वयपाकाला न्हाई. आत्या म्हणून ये."
उतरले. गाडी हलली तरी तो माझ्याकडं बघत नव्हता, समोर बघत होता.

६ मार्च
जज्जसाहेब रजेवर. तारीख पुढं गेली, आता लग्नानंतरची. तोवर यांच्या पगारावर. साहेब म्हणाले, गोळ्या धरल्यात, बाकी कोर्टाच्या मनावर.
संध्याकाळी ऋतुजाचा फोन. "आत्या, हळदीच्या आदल्या दिवशीच ये, मुक्कामाला." येते म्हटलं. मागं भांड्यांचा आवाज, वहिनीचा आवाज. ऋतुजा म्हणाली, "आई, बोलतीस का आत्याशी?"
भांडी जास्तच वाजली. मग ऋतुजाच म्हणाली, "कामात हाय ती. तू ये पण."