पक्की सडक वर्ज्य

२ जून १९५७, रविवार
जीप घरी आली. चौघांनी ढकलत आणली हे खरं, पण शेवटच्या उतारावर स्वतःहून चालली. युद्धातली मिलिटरीची गाडी. पुढची काच तडकलेली, टप फाटलेला, हॉर्न नाही. इंजिन शाबूत. हिच्या चारही चाकांना जोर पोहोचतो, म्हणून कुठेही जाते.

संकल्प आजच लिहून ठेवतो. दिवाळीनंतर परभणी ते काशी, काशी ते काठमांडू, आणि परत. एकट्याने. पक्क्या सडकेला चाक लावायचं नाही. सडकेवरून काय, कोणीही जातं.

पद्मजाने विचारलं, ही ठेवणार कुठे? अंगणात, म्हणालो. तिथे तुळस आहे म्हणाली. माणूस हिमालयाचं बोलतोय आणि बाईचं लक्ष तुळशीकडे.

६ जून
कोर्टात अपमान. नवे मुन्सफ पुण्याकडचे. माझ्या अर्जात वादीला ‘मुद्दई’ लिहिलेलं वाचून हसले. शेजारी बसलेला कारकूनही हसला, मेला. पंधरा वर्षं उर्दूत वकिली केली, निजामाच्या अंमलात कोणाची हसायची बिशाद नव्हती. आता मुंबई राज्य आलं म्हणजे आम्ही एका रात्रीत अडाणी झालो!

काठमांडूहून आलो की हेच लोक बाररूममध्ये उठून खुर्ची देतील. मी बसणार नाही.

१६ जून
बन्सीधर मिस्त्री कामाला लागला. कामाचा माणूस. जे सांगावं त्याला “हो जाता साब” म्हणतो. पद्मजा म्हणते, जो कशालाच नाही म्हणत नाही तो मिस्त्री नव्हे, भाट. तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोललो नाही. जेवण वाढायचं बाकी होतं.

कामं ठरली: झोपायला फळी, शिध्याचं कपाट, वर लोखंडी कॅरिअर, पेट्रोलचे जादा डबे, पाण्याची टाकी. एवढं वजन पेलायला स्प्रिंगांत लॉरीचे पट्टे.

३० जून
टाकीपाशी घोडं पेंड खायला लागलं. टाकी बसते गाडीच्या पोटात, आणि तिथे पुढच्या चाकांना जोर नेणारा दांडा. दांडा ठेवावा तर टाकी नाही, टाकी ठेवावी तर दांडा नाही. दोन मिनिटांत निकाल दिला. दांडा काढून टाक.

बन्सीधर पहिल्यांदाच घुटमळला. मग पुढच्या चाकांना जोर कुठून येणार, असं विचारू लागला. मी विचारलं, बैलगाडीच्या चाकांना कोण जोर देतं? हो जाता साब, म्हणाला.

दांडा आता पद्मजा धुणं वाळत घालायला वापरते. कशाची कदर म्हणून नाही.

१४ जुलै
सासऱ्यांचा निरोप. दिनकरराव, म्हणजे पद्मजाचे बाबा, पोखर्णीच्या पलीकडे दोन कोसांवरच्या गावात पुराणिक आहेत. मोतीबिंदू पिकलाय. पोथी डोळ्याला लावली तरी अक्षर दिसत नाही. गावकऱ्यांनी नवरात्रापर्यंत थांबू म्हटलंय. तोवर नजर आली नाही तर दुसरा पुराणिक बघणार. चाळीस वर्षांची पुराणाची वृत्ती, म्हणजे रोजीरोटी, जाणार.

हैदराबादेचे डोळ्यांचे डॉक्टर सोमवारी २६ ऑगस्टला एकच दिवस परभणीत शस्त्रक्रिया करणार आहेत. पद्मजाने नाव घालून ठेवलं. बाबांना आणायचं कसं म्हणून चिंतेत होती. मी म्हणालो, चिंता कसली? दारात जीप उभी आहे. शब्द दिला. काठमांडूची ट्रायलही होऊन जाईल.

ती बराच वेळ जीपकडे बघत होती.

२८ जुलै
गाडी चालू झाली. मैदानात दोन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला कॅरिअर लिंबाच्या फांदीत अडकलं. फांदी तोडावी लागली. ज्याची फांदी तो भांडायला आला. मी त्याला कायदा सांगितला, त्याने मला आईवरून सांगितलं. या गावात प्रगती होणे नाही.

मागून बघणारे म्हणाले, गाडी बसल्यासारखी वाटते. बसलेली नाही. दमदार दिसते.

११ ऑगस्ट
घरात भांडण. पद्मजाचं म्हणणं असं: २५ला पोळा. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, बाबांच्या शेजारचा मुंजाजी बैलगाडी जुंपेल, बाबांना पोखर्णी स्टेशनवर सोडेल. तासाभराची रेल्वे. शनिवारी दुपारी बाबा आपल्या ओट्यावर. सगळं सरळ.

सरळ! जावयाच्या दारात जीप असताना सासरा थर्ड क्लासात धक्के खात येणार, आणि मी काय तोंड दाखवणार? ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं. मी त्याच पावली सासऱ्यांना कार्ड टाकलं की मुंजाजीला गाडी जुंपू देऊ नका, शनिवारी मी जीप घेऊन येतो.

पद्मजा म्हणाली, निदान सडकेने तरी जा. मी तिला संकल्पाची आठवण दिली. त्यावर तिने जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

२३ ऑगस्ट, संध्याकाळ
तयारी पूर्ण. टाकी काठोकाठ. डबे भरले. तंबू, स्टोव्ह, कंदील, दोरखंड, काठमांडूच्या थंडीचा ओव्हरकोट. आठ दिवस पाऊस आहे, पण मिलिटरीची गाडी पावसाला घाबरत नाही. उद्या दुपारच्या जेवणाला सासऱ्यांसह घरी. पद्मजाला तसं सांगितलं. तिने विचारलं, तुमचं पान मांडू का नको? टोमणा होता. सोडून दिला.

२४ ऑगस्ट, सकाळी ७
निघालो. गल्ली बघायला उभी.

सकाळी १०
शेतांतून. अप्रतिम. उजवीकडे लांब पोखर्णीची सडक दिसते, तिच्यावरून लॉऱ्या चालल्यात. कीव येते.

दुपारी २
ओढा. गुडघाभर पाणी. ओढा सहज पार केला. पलीकडच्या काळ्या रानात थोडी थांबलीये. मागची चाकं जागच्या जागी फिरतात, पुढची बघत बसलीयेत. सासऱ्यांचं गाव समोर दिसतंय. देवळाचा कळस दिसतो. अर्ध्या तासात निघेन.

दुपारी ४
ही माती आहे का डिंक? चाकाला लागते, बुटाला लागते, फावड्याला लागते, सुटत नाही. एवढी सुपीक करून ठेवायची काही गरज होती का? आस जमिनीला टेकलाय. टाकीतलं पाणी सोडून द्यावं तर तोटी चिखलात गेली.

संध्याकाळी ६
मुंजाजी आला. गावातला शेतकरी, पद्मजा म्हणाली होती तोच. त्याच्या घरी दोन बैलजोड्या. बरं झालं म्हटलं. सांगितलं, दोन्ही जोड्या आण, दोरखंड लाव, ओढ. त्याने हात जोडले. मग म्हणाला:

“वकीलसाब, खांदेमळणी झाली. आवतन देऊन झालं बैलाला. आता परवापातुर खांद्याला जू लागत न्हाई.”

मी म्हणालो, आवतन कसलं? तर म्हणे, आज संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळून ‘उद्या जेवायला या’ म्हणून सांगतात. एकदा सांगितलं की संपलं. उद्या तो पाहुणा. पाहुण्याला कामाला कसं लावावं? मी म्हणालो, मी पण पाहुणाच आहे, गावचा जावई आहे. तो म्हणाला, मग तुमी बी चला की घरी जेवायला.

माथं भडकलं. जीप सोडून येणार नाही, सांगून टाकलं. वर पेट्रोलचे डबे आहेत, हत्यारं आहेत. गावाचा काय भरवसा.

२५ ऑगस्ट, सकाळी
पोळा. फळीवर झोप लागली नाही. फळी लहान आहे. बन्सीधरने माझं माप न घेता बनवली. गेल्यावर त्याला बघतो.

ऊन पडेल अशी चिन्हं. ऊन पडलं की माती वाळेल. माती वाळली की गाडी निघेल. साधं शास्त्र आहे.

सकाळी ११
पाऊस.

दुपारी १
मुंजाजी पुन्हा आला, बरोबर गावातली दोन माणसं. त्यांचं म्हणणं, गाडी राहू द्या इथं. मिरवणूक दुपारनंतर आहे. तोवर बाजेवर बसवून महाराजांना, तुमच्या सासऱ्यांना, आम्ही खांद्यावरून पोखर्णीला नेतो. संध्याकाळची रेल्वे मिळते. बैलाचा खांदा आज चालत न्हाई, माणसाचा चालतो.

मी साफ नाही म्हटलं. माझ्या सासऱ्यांची बाजेवरून वरात काढता? लोक म्हणतील, जावयाची जीप चिखलात आणि सासरा चौघांच्या खांद्यावर. अशुभ दिसतं. मी सांगितलं, संध्याकाळपर्यंत गाडी निघते, तुम्ही आपले बैल रंगवा. मुंजाजी मान हलवत वेशीकडे गेला. त्याचं ते मान हलवणं मला अजिबात आवडलं नाही.

दुपारी ४
लांबून वाजंत्री ऐकू येते. शिंगांना रंग, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा. गावातले सगळे बैल वेशीत नटून उभे, आणि त्यांतला एकही चारशे हात दोर ओढायला तयार नाही. हे स्वतंत्र राष्ट्र!

संध्याकाळी ६
मुंजाजीची बायको कडूबाई पुरणपोळी घेऊन आली. चिखलातून, डोक्यावर पोतं घेऊन. आधी बैलांना नैवेद्य झाला म्हणाली, मग तुमच्यासाठी आणली. म्हणजे मी बैलांनंतर. खाल्ली. चांगली होती.

जाताना म्हणाली, “महाराज कालपासून ओट्यावरच बसून हायेत. नवं धोतर नेसून. मोटारीचा आवाज आला का, आला का, म्हणून समद्यास्नी इचारायलेत.”

मी विचारलं, त्यांना सांगितलं नाही का गाडी अडकली म्हणून? तर म्हणे, सांगितलं. ते म्हणाले, जावयानं शब्द दिलाय, येतील.

आता इंजिनाला पुन्हा हँडल मारून पाहतो.

इंजिन बोलत नाही. त्यातही पाणी गेलं.

२६ ऑगस्ट, सकाळी ९
मुंजाजीने दोन्ही जोड्या आणल्या. खरं तर आज कर, पोळ्याचा दुसरा दिवस, आजही कोणी जुंपत नाही. पण महाराजांच्या डोळ्यांसाठी आणल्या, असं त्याने मला दोनदा ऐकवलं. आधी टाकी, डबे, तंबू, कपाट उतरवायला लावलं. सगळं काळ्या रानात पडलं. ओव्हरकोटसुद्धा. मग जीप निघाली. एका हिसक्यात निघाली. म्हणजे गाडीत दोष नव्हता.

संध्याकाळ, परभणी
तसंच ओढत गावात गेलो. सासरे ओट्यावर उभे होते, काठी, पिशवी तयार. मी पाया पडलो. त्यांनी माझ्या अंगावरचा चिखल चाचपला. हात धरून पुढच्या सीटवर बसवलं. पोखर्णीला पोहोचेपर्यंत सकाळची रेल्वे गेलेली. पुढची संध्याकाळी. मुंजाजी म्हणाला, आता थांबून काय उपेग, सडकेनं न्हेतो.

सडकेनं. दोन बैलजोड्या, मागे माझी जीप, स्टिअरिंगला मी. सहा कोस. प्रत्येक गावची पोरं मागे पळत होती. परभणीत शिरताना बाररूममधले दोघे सायकलवरून समोर आले आणि मुद्दाम उतरून उभे राहिले. नालायक.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा झाडलोट चालू होती. डॉक्टर चारच्या गाडीने गेले. पद्मजा सकाळपासून तिथे पायरीवर बसलेली. डॉक्टरांनी दोनदा नाव पुकारलं म्हणे. पुन्हा कधी येणार विचारलं, तर माघात बघू म्हणाले. नवरात्र महिन्यावर आलंय.

मला वाटलं भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. पाऊस, पोळा, मुंजाजी, बन्सीधर, माती. तिने बाबांचा हात धरला आणि सावकाश पायऱ्या उतरवून चालत घरी घेऊन गेली. जीपमध्ये बसली नाही.

२७ ऑगस्ट, मंगळवार
सकाळी मुंजाजी बैल घेऊन गेला. चहाला थांब म्हटलं, थांबला नाही.

ओट्यावर सासरे बसले होते. समोरच्या तानुबाई आल्या. म्हाताऱ्या, पण जिभेला हाड नाही. म्हणाल्या, काय हो महाराज, कसे आलात काल? गल्लीत पाच-सहा लोक थांबले. मी दाराआड. चडफडत होतो. आता म्हातारा सगळं सांगणार, नवं धोतर, दोन दिवस ओटा, गेलेली वृत्ती. सांगू दे. मी उत्तर देणारच होतो.

सासरे म्हणाले, “जावयाच्या जीपमधून आलो. आठ कोस, पण पोटातलं पाणी हललं नाही. इंजिनाचा आवाजसुद्धा येत नाही हो. लई उत्तम गाडी केलीय मार्तंडरावांनी.”

कोणी हसलं नाही.

बैलांच्या गळ्यात पोळ्याच्या घुंगरमाळा तशाच होत्या. रस्ताभर वाजत होत्या. सासऱ्यांना दिसत नाही, ऐकू चांगलं येतं.

मी आत येऊन बसलो.