पाय हलत नव्हते

मास्तर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही बिघडेल अशी धास्ती वाटली की मला आधी तुमचीच आठवण होते. या वेळी धास्ती नातीची होती. तिनं हिंजवडीची नोकरी सोडून बँड काढला. आपल्यासारखा वरातीचा नव्हे. दोन गिटार, एक कीबोर्ड आणि ही गाणार. याला ड्रीम पॉप म्हणतात. माझी शाळा सातवीत सुटलेली, मला कुठलं कळायला. म्हणजे काय गं, असं विचारलं तर म्हणाली, "आबा, स्वप्नात ऐकू येतं तसं." मला स्वप्नात नळाचं पाणी गेलेलंच दिसतं.

पहिली गाणी त्यांनी घरातल्या खोलीतच रेकॉर्ड केली. आवाज असा, की पोरगी शेजारच्या घरात गातेय आणि मधे ओली चादर वाळत घातलीय. पहिल्या कार्यक्रमात मी आवाजाचं मशीन चालवणाऱ्याला जाऊन सांगितलं, मुलीचा आवाज वाढवा, गिटारखाली दबतोय. तो म्हणाला, "आजोबा, तो मुद्दामच दाबलाय." मास्तर, मंडईमागच्या आपल्या बँडच्या दुकानात तुम्ही मला सगळ्यांदेखत म्हणाला होतात, "तुझी क्लॅरिनेट ढोलाच्या वर ऐकू येत नसेल तर घरी बस आणि आईला ऐकव." तेव्हापासून दबलेला आवाज म्हणजे चूक, एवढंच मला ठाऊक.

पुढे तिलाही लोकांनी तेच सांगितलं असावं. दुसऱ्या खेपेच्या गाण्यांत जोरकस ठोका आला, शब्द कळू लागले, पोरं नाचायला लागली. मला हायसं वाटलं. ती मात्र घरी येऊन धड जेवायची नाही. "लोक नाचतात की," मी म्हणालो. "हो ना. ते कुठल्याही बँडवर नाचले असते, आबा." मास्तर, आपण जन्मभर तेच केलं होतं, लोकांना नाचवलं. मग एक गिटारवाला सोडून गेला. ती म्हणाली, एकदा मनासारखं करून बघते, नाही जमलं तर आहेच पुन्हा हिंजवडीला नेणारी कंपनीची बस.

परवा हडपसरला, एका जुन्या गोदामात, तो मनासारखा कार्यक्रम झाला. मला एकट्याला खुर्ची, बाकी सगळी तरुण मंडळी उभी. ठोका जवळजवळ नाहीच. मी सवयीनं पायांकडे बघतो. एकही पाय हलत नाही. वरातीत पाय थांबले की आपलं संपलंच. मला ती बस दिसायला लागते. मग कधीतरी मान वर केली. कोणी हलत नव्हतं, पण कोणी निघूनही जात नव्हतं. शेजारची मुलगी तर श्वास सांभाळून उभी होती. आणि मला दवाखान्याचा रस्ता आठवला. वरात तिथं आली की तुम्ही हात खाली करायचात. ढोल बंद, ट्रंपेट बंद, फक्त माझी क्लॅरिनेट, तीही जेमतेम. एकदा नवरदेवाचा मामा ओरडला, "मास्तर, झोपलात का?" तुम्ही म्हणालात, "आत माणसं पडून आहेत. त्यांच्यासाठीही थोडं वाजवू द्या." नाचणारे जागच्या जागी उभे राहिले होते. तेवढ्या टप्प्यात मी सगळ्यात चांगला वाजवायचो, आणि तिथं तुम्ही मला कधी बोलला नाहीत. नातीनं तेवढाच रस्ता घेतला आणि कार्यक्रमभर पुरवला.

लोकांनी शेवटचं गाणं पुन्हा मागितलं. ती खाली आली तेव्हा तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल दिसला. म्हणाली, "आबा, बंगळूरहून बोलावणं आलंय." मी म्हणालो, "तिथं तरी आवाज वाढव." ती खूप हसली. बसचं नाव निघालं नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचत नाही तेच बरं, मास्तर. वाजत असताना डुलक्या घेणाऱ्या माणसाला तुम्ही दुकानात उभं केलं नसतं. तिला मी सांगितलंय की डोळे मिटून ऐकत होतो. खरं तर काळजी उतरली आणि टाळ्या पडेपर्यंत मला खुर्चीतच गाढ झोप लागली होती.