कच्च्या बरणीची निरवानिरव

मी, थाओ ग्वेइलान, राहणार जिंगदेझेन, चिनी मातीच्या भांड्यांवर निळ्या रेघा ओढण्यात जन्म घालवलेली अविवाहित बाई, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतः लिहीत आहे. वय झालं, पण डोकं ठिकाणावर आहे. यापूर्वी रागाच्या भरात काही लिहून ठेवलं असल्यास ते रद्द समजावं.

कलम १. राहतं घर माझा भाचा थाओ श्वेवन याला. मागची खोली गळते आणि तो कधीपासून “बघतो, आत्या” म्हणतो आहे. आता त्याचंच छप्पर, त्यानेच बघावं.

कलम २. बँकेतली शिल्लक आणि माझे सर्व कुंचले त्याची मुलगी शियाओमान हिला. लोकांच्या घरी पाळणा हलावा म्हणून मी डाळिंबं काढली, म्हाताऱ्यांना आयुष्य लाभावं म्हणून पीच काढले. मला पाळणा लाभला नाही. आयुष्य मात्र न मागता मिळालं. तिने काय काढावं ते तिचं तिने ठरवावं.

कलम ३. भावजय हू मेइचन हिला काहीही नाही. नववर्षाच्या साफसफाईत तिने माझ्या न भाजलेल्या बरणीवर ओलं फडकं फिरवलं आणि तिच्यावर काढलेल्या जोडीतल्या नर बदकाची शेपटी पुसून टाकली. कच्ची माती पाण्याने सुटते, हे आमच्या गावात शेंबडं पोरही जाणतं. वर मलाच म्हणाली, “वन्सं, किती वर्षं धूळ खातंय ते मडकं. जीव अडकलाय का त्यात तुमचा?” अडकला होता. शेपटी मी परत काढली, पण रेघ पूर्वीसारखी आली नाही.

कलम ४. ती बरणी. आमच्या कारखान्यात रेघ एकाची आणि रंग दुसऱ्याचा. मी रेघा ओढायची, शू चांगकन त्यात निळं पाणी भरायचा. बरणीवरची बदकांची जोडी विकण्यासाठी नव्हती, आमच्या लग्नासाठी होती. रेघा झाल्या आणि त्याच आठवड्यात त्याला दूर उत्तरेला कामावर धाडलं.

निघताना म्हणाला, “दुसऱ्या कुणाला भरू देऊ नकोस हं. तुझ्या रेघेत माझंच पाणी.”

मी म्हटलं, “जा, मोठा आला पाणीवाला.”

तेवढंच बोलणं झालं. पुढे त्याने तिकडेच लग्न केलं, त्याला नातवंडं झाली, गेल्या हिवाळ्यात तो वारला. सगळं कळत गेलं आणि तरी मी वाट बघत राहिले. श्वेवन म्हणायचा, “आत्या, कुणाकडून तरी रंग भरून घेऊ, भट्टीत टाकू, कपाटात छान दिसेल.” मी नाही म्हणायची. भट्टीतून निघालेल्या भांड्याच्या रेघांत मग रंग भरता येत नाही. बरणी कच्ची होती तोवर तो येईल, कुंचला उचलेल, असं वाटायचं. मला तो हवा होता. अजून हवा आहे.

माझ्यामागे ती कुणी रंगवू नये, भाजू नये, संग्रहालयालाही देऊ नये. शियाओमानने ती पाण्यात बुडवावी. माती सुटली की मळून तिचा भाताचा साधा वाडगा करावा. माझ्या रेघांचे निळे डाग उठले तर उठू द्यावेत. वाडगा भट्टीतून आला की त्याच दिवशी त्यात गरम भात वाढून घे, पोरी. कुणी येईल म्हणून तो राखून ठेवू नकोस.

लिहून देणार : थाओ ग्वेइलान (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही केली, साक्षीदार :
यू बाओशान, शेजारी (सही)
फांग सूयिंग, परिचारिका (सही)

जिंगदेझेन, नवव्या महिन्याची नवमी, सन २०१९