आडातली कवचं

८ डिसेंबर १९६३
मेहकरहून एसटीनं लोणारला पोचले. अंग खिळखिळं झालं होतं, पण विवराच्या काठावर उभी राहिले आणि सगळा शीण गेला. खाली हिरवंगार खारं सरोवर, भोवती झाडी. महिनाभर हेच माझं! काठालगतच रहेमतुल्ला गवंडी आणि त्यांची बायको खैरुन्निसा यांच्याकडे खोली मिळाली. जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, अंगणातल्या आडाचं गोड पाणी. माझं काम ऐकून खैरुन्निसाला हसू आवरेना. चिखल पाहायला नागपूरहून कोणी येतं का! मी समजावलं : तळाशी गाळ थरावर थर साचतो. त्यात डायटम नावाच्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळाची काचेसारखी कवचं राहतात. गोड्या पाण्यातली वेगळी, खाऱ्यातली वेगळी. थर वाचत खाली गेलं की सरोवर कधी गोड होतं, कधी खारं झालं, ते कळतं.

१२ डिसेंबर
नमुना घ्यायची पोकळ नळी गाळात रुतली ती निघेचना. रहेमतुल्लांनी रिकाम्या डब्यांवर फळ्या बांधून तराफा केलाय, त्याची एक फळी मोडली. शेवटी नळी निघाली, तर अर्धा गाळ वाटेतच सांडला. सडक्या अंड्यांचा वास केसांतून जात नाही.

१५ डिसेंबर
वैताग आहे नुसता. सगळ्यात खालचा थर हजारो वर्षं जुना. त्यातली कवचं रिकामी हवीत. सूक्ष्मदर्शकाखाली माझ्या काचेवर मात्र त्यांच्यात तपकिरी जीव आहे, आणि ती सरकतायत! काच धुतली. पुन्हा धुतली. तेच. पोस्टातून नागपूरला माझ्या मार्गदर्शक सरांना ट्रंककॉल लावला. कितीतरी वेळानं लागला, तर सर खेकसले, आधी हत्यारं नीट धुवा, मग फोन करा. रागानं रडू आलं.

१६ डिसेंबर
धुवायच्या पाण्याचाच थेंब भिंगाखाली ठेवला. आडाच्या पाण्यात तीच खाऱ्या सरोवरातली कवचं, खच्चून भरलेली. आड तर सरोवराच्या कितीतरी वर! पाणी उकळलं. उकळूनही सरकतातच. मला ते आता खारट लागतं. खैरुन्निसाला पिऊ नका म्हटलं, तर म्हणाली, "पानी तं गोडच हाय, कौशल्याबाई. तुमचीच जीभ बिघडली." भिंग आपटून फोडावंसं वाटलं.

१८ डिसेंबर
खैरुन्निसाचे डोळे चुरचुरतात. आसवं वाळली की गालांवर पांढरी पूड राहते. एक थेंब काचेवर घेतला. त्यातही तीच. तिला सांगितलं नाही. काय सांगणार?
दुपारी ती घरात दिसेना. सरोवरात कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, काठाकडे पाठ करून. रहेमतुल्लांनी ओढून बाहेर काढलं. काऊन गेलती म्हणून ओरडले तिच्यावर. तहान लागली होती, म्हणाली.

२० डिसेंबर
दोघांना मेहकरला तिच्या बहिणीकडे पाठवलं. रहेमतुल्लांनी हात जोडले, तुमीबी चला. मी नाही म्हटलं. एक स्वच्छ नमुना हवाय. एकच. हात हलवत परत जाणार नाही मी. तिले सोडून उद्याच तुमाले घ्यायले येतो, म्हणाले.

२१ डिसेंबर
सकाळी आडाचं पाणी पुन्हा गोड लागलं. इतकं बरं वाटलं! मग लक्षात आलं — पाणी बदललेलं नाही. मी —
आरशात पाहिलं. गाल पांढरे.
घागर संपली. तहान जात नाही. आडाचं पुरत नाही आता —

दुपार
खाली आले. नमुना घ्यायला — नाही, खोटं. पाणी कमरेपर्यंत आलंय. रोजनिशी वर धरून लिहितेय. गार, गोड पाणी — काठावरून रहेमतुल्लांची हाक येतेय, "बाई, मांगं फिरा! मांगं फिरा!" ऐकू येतंय मला. फिरायचंय. पण पायांखाली गाळ मऊ, आणि तो सरक—