घरातील माणसे अकराच धरण्याबाबत

प्रति,
माननीय प्रकल्पाधिकारी,
फ्लू व रक्तपेशी अभ्यास प्रकल्प,
डिचोली, गोवा.

विषय : अभ्यासातून वगळलेले नाव पुन्हा घेऊन सिस्टरची मासिक भेट चालू ठेवणे.
संदर्भ : नाव वगळल्याचे आपले सप्टेंबरमधील पत्र.

महोदय,

अर्जदार गोकुळदास सगुण परब, राहणार लाटंबार्से, हा खाणीवरच्या ट्रकचा निवृत्त चालक असून सविनय कळवितो की, त्याने खोटी माहिती दिली हा आपला ठपका त्याला मुळीच मान्य नाही. वय झाले, पण खोटे बोलायची सवय अजून लागलेली नाही.

१. दर महिन्याला रक्त न्यायला येणाऱ्या आपल्या सिस्टर अंकिता यांनी नोंदणीच्या वेळी घरात माणसे किती, असे विचारले. अर्जदाराने अकरा सांगितली. आमच्याकडे ज्यांची चवथ एक, त्यांचे घर एक. थोरला प्रज्योत मुरगावला बंदरात असतो, धाकटा तुषार मांद्र्याला गेस्टहाऊस चालवतो. पण गणपती लाटंबार्सेच्याच घरात बसतो आणि त्याच्यावर फळांची माटोळी बांधायला बायकामुलांसह सगळे येतात. मग घरची माणसे मोजायची ती चवथीलाच ना? आपल्या कचेरीत एरवीच्या दिवशी मोजायची रीत असेल, तर तसे आधी सांगायचे होते.

२. नोंदणीच्या वेळी आपल्या प्रकल्पाच्या डॉक्टरसाहेबांनी समजावले ते अर्जदाराला पक्के समजले आहे. फ्लूचा विषाणू वरचा अंगरखा सारखा बदलतो, म्हणून जुनी प्रतिपिंडे त्याला नीट ओळखत नाहीत. पण तो पेशीत शिरला की त्याच्या आतल्या भागाचे तुकडे त्या पेशीच्या अंगावर दिसू लागतात, आणि आतले भाग फारसे बदलत नाहीत. मागच्या आजारात ते पाहून ठेवलेल्या मारक टी-पेशी तेवढ्यावरून ओळखतात आणि बाधलेल्या पेशीलाच संपवतात. ताप येतो, पण लवकर आवरतो. मात्र फ्लूची गाठ बरीच वर्षे पडली नाही, तर या पेशी रक्तात कमी होत जातात.

३. इथेच घोडे पेंड खाते. पोरे फ्लू घरी आणतात, म्हणून पोराबाळांनी भरलेल्या घरात त्या भरपूर असाव्यात, असा आपला अंदाज. अर्जदाराच्या रक्तात त्या जेमतेम निघाल्या. वयानेही कमी होतात म्हणतात, पण आपण चौकशी लावली आणि सिस्टरना दर भेटीत दिसणारे लिहून द्यावे लागले की, माणूस एक. त्यांचा दोष नाही. इतके महिने त्या गप्प राहिल्या, हाच त्यांचा मोठेपणा.

४. पत्र मिळाल्यापासून अर्जदाराने, रक्तात त्या पेशी वाढाव्यात म्हणून, फ्लू मिळवण्याचे रीतसर प्रयत्न केले. सकाळी पाववाला पोदेर येतो, पण उंडे पाव देताना सायकलवरून उतरतसुद्धा नाही. म्हणून अर्जदार बाजाराच्या दिवशी डिचोलीच्या बसस्थानकावर खोकणाऱ्यांना चिकटून बसला. साधे पडसे झाले नाही. पुढे मांद्र्याला नातवंडे तापाने पडल्याचे कळले, तेव्हा पहिल्या बसने गेला. तुषारची बायको समीक्षा गुणाची पोर. म्हाताऱ्याला बाधेल म्हणून तिने मुलांना आतल्या खोलीत ठेवले आणि अर्जदाराला व्हरांड्यात जेवायला वाढले. मुलांनी खिडकीतून हात हलवले. अर्जदार ठणठणीत परत आला. फार वाईट वाटले.

५. सबब विनंती की, एकट्या माणसाच्या रक्ताचे काय होते हेही कोणीतरी पाहावे. तसा गट नसेल तर नवा करावा. तेही नियमात बसत नसेल, तर रक्त घेऊच नये. सिस्टरनी महिन्यातून एकदा यावे, चहा घ्यावा आणि ताप आला होता का, एवढे विचारून जावे. हे विचारणारे दुसरे कोणी येत नाही.

आपला नम्र व नाइलाजाने निरोगी,

(सही)
गोकुळदास सगुण परब
लाटंबार्से, १४ नोव्हेंबर २०१६

जोडपत्रे : नाहीत.

ता. क. : अर्ज घेऊन अर्जदार स्वतः आला असून बाहेरच्या बाकावर बसला आहे. उत्तराची घाई नाही.