घर माझे, जमीन तिची

केमची,
९ जानेवारी

राजमान्य मेहुणे श्री. एलिसेओ मान्सिया यांस बाउदिलिओ कार्कामो याचा आदरपूर्वक नमस्कार. पुंता आरेनासच्या वाऱ्यात आपला गुडघा कसा आहे, आणि सौ. इर्माताईंचा दमा थंडीत (म्हणजे आपल्याकडे बारमाही) बळावत तर नाही ना, हे कळविण्याची कृपा करावी. येथे सर्व क्षेम आहे. बटाट्याला कीड नाही, मेंढ्या धष्टपुष्ट आहेत आणि आपली भगिनी ओर्फेलिना माझ्यापासून घटस्फोट घेत आहे. हे वृत्त आपणांस तिच्याकडून तिखटमीठ लावून कळण्यापूर्वी माझ्याकडून अळणी कळावे, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच. माझी आपल्याकडे कोणतीही मागणी नाही.

घडले ते असे. ती पुएर्तो मोन्तला लेकीकडे गेली असता मी स्वयंपाकघराची समुद्राकडची खिडकी फळ्या ठोकून बंद केली. उत्तरेचा पावसाळी वारा तिथून थेट चुलीत शिरत असे, हे आपणही सोसलेले आहे. फळ्या उत्तम, काम त्याहून उत्तम. ती परतली, हातातली पिशवीसुद्धा खाली न ठेवता म्हणाली, "हे कुणाला विचारून केलंत?" मी शांतपणे उत्तर दिले (शेजारी त्यास आरडाओरडा म्हणतात, स्पष्ट आवाज आणि मोठा आवाज यांतला भेद त्यांना कळत नाही) की स्वतःच्या हातांनी बांधलेल्या घराच्या खिडकीसाठी मनुष्याला अर्ज करावा लागत नाही. त्यावर ती म्हणाली, "घर तुमचं असेल. जमीन माझ्या बापाची आहे. घर उचला आणि चालू लागा." त्याच संध्याकाळी मी मासे-शिंपले धुरवण्याच्या झोपडीत बिऱ्हाड हलविले. माझ्या अंगाला शिंपल्यांचा वास येतो असे लोक म्हणतात. येऊ दे.

वकील मला परवडत नाही, आणि परवडला असता तरी ठेवला नसता. स्वतःचे म्हणणे स्वतः मांडण्याइतके शिक्षण चौथीपर्यंतच्या शाळेत मिळत असे. परंतु कायद्याची पायरी कोठे आणि दार कोठे हे ठाऊक नसल्याने मी नगरपालिकेत गेलो. वकील नसलेल्यांना वाट दाखविण्यासाठी तेथे यास्ना ओयार्सो नावाची मुलगी बसते (होडीवाल्या ओयार्सोची नात, नाक तेच). तिने प्रथम विचारले, वेगळे राहता का. मी म्हटले, अर्थात, झोपडीत. "आणि जेवण?" ओर्फेलिना दाराशी आणून ठेवते. "कपडे?" तीच धुते. मुलीने लेखणी खाली ठेवली. "आजोबा, कायदा याला वेगळं राहणं म्हणत नाही. याला रुसणं म्हणतात." मी तिचा आजोबा नाही, हे मी तिच्या निदर्शनास आणून दिले. तिने ते ऐकून घेतले आणि सांगितले की घटस्फोटाला वेळ लागेल, पुढे सरकारी वकीलही फुकट मिळेल. पण घर आणि जमीन यांचा निवाडा आधी मध्यस्थापुढे करता येतो. मी बाहेर पडतो तो दारात ओर्फेलिना. तीही त्याच मुलीकडे, त्याच कामासाठी! मी मागे वळून मुलीला जाब विचारला, तू नक्की कोणाची? "कुणाचीच नाही, आजोबा. मी फक्त रस्ता दाखवते." दोघांना एकच रस्ता दाखविणाऱ्या व्यक्तीवर किती विश्वास ठेवावा, हे आपणच ठरवा.

मध्यस्थ कास्त्रो शहरी बसतो आणि तिकडे सकाळी जाणारी बस एकच, म्हणून आम्ही एकाच बसने, आणि शाळेच्या मुलींनी बाकीच्या जागा अडविल्याने एकाच बाकावर बसून, एकमेकांविरुद्ध गेलो. वाटेत तिने उकडलेले अंडे पुढे केले. मी ते घेतले. उपाशी मनुष्याचे म्हणणे दुबळे पडते. मध्यस्थ हा सांतियागोचा तरुण, खोलीतही गळ्याला मफलर. प्रत्येकाला काय हवे ते सांगा, म्हणाला. मी उभा राहून सांगितले: घर माझे. ती बसूनच म्हणाली, "नेऊ दे की. अंगणातून समुद्र तरी दिसेल." मध्यस्थ हर्षभरित झाला. इतका झटपट समेट त्याने पाहिला नव्हता. मग हसत म्हणाला, "पण घर नेणार कसं? खिशात घालून?" त्याला वाटले आम्ही लाक्षणिक बोलत आहोत. ओर्फेलिनाने आणि मी एकदमच त्याच्याकडे कीव येऊन पाहिले, आणि अख्खे लाकडी घर ओंडक्यांवर चढवून, दोरखंड लावून बैलजोड्यांनी कसे ओढून नेतात, हे सारे आळीपाळीने समजावून सांगितले. तेवढा वेळ आम्ही दोघे एका पक्षात होतो. नंतर पूर्ववत झालो.

आता आपणांस ठाऊकच आहे की घर ओढायचे तर गावची इर्जिक हवी (मजुरी नाही, पोटभर जेवण), आणि इर्जिकीचे आवतण घरधन्याने दारोदार फिरून द्यायचे असते. मी कोट घालून फिरलो. लेविकानची बैलजोडी गावात सर्वांत बळकट. तो म्हणाला, "बैल तुमचेच समजा, डॉन बाउदिलिओ. मी येतो, पोरंही येतील. पण रांधणार कोण?" मी म्हटले, मी. त्याची बायको आतून म्हणाली, "मग बैलांनाच पाठवा. ते गवत खातात." दुसऱ्या दारी, तिसऱ्या दारी हेच: मेंढीचे मटण, बटाट्याचे मिल्काओ, ओर्फेलिनाच्या हातचे असतील तर अख्खा गाव दोरखंडाला, नाहीतर सर्वांची कंबर दुखते. मी हट्टाने मिल्काओ करून पाहिले. लेविकानच्या कुत्र्याने एक हुंगले आणि माझ्याकडे असे पाहिले की मी त्या कुत्र्याशी बोलणे सोडले आहे.

म्हणून मी यास्नाला सांगितले की करारात कलम घाल: इर्जिकीच्या दिवशी पत्नीने रांधावे. ती म्हणाली, "आजोबा, हे कलम नाही, विनंती आहे. ती तोंडानं करायची असते." मी कलम स्वतःच लिहिले, सुवाच्य अक्षरात, आणि दुसऱ्या बैठकीत मेजावर ठेवले. मध्यस्थाने ते वाचून ओर्फेलिनाकडे पाहिले. ती म्हणाली, "मी कुठं नाही म्हटलंय? मला विचारलंय कुणी? लग्न झाल्यापासून हे मला कळवत आलेत." आणि तो मफलरवाला माझ्याकडे वळून म्हणाला, "मग विचारा ना, डॉन बाउदिलिओ. त्या इथंच बसल्यात." परक्या पोराने माझ्याच बायकोशी बोलण्याची मला परवानगी द्यावी! मी टोपी उचलली आणि बाहेर आलो. परतीच्या बसमध्ये जागा रिकाम्या होत्या. ती पुढे बसली, मी मागे. फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी शेवटची बैठक आहे. तेव्हाही ठरले नाही तर प्रकरण न्यायालयात जाईल, आणि तेथून, यास्ना सांगते, माणसे सहसा एका बसने परतत नाहीत.

असो. दोष कोणाचा हे आपण सुज्ञ आहात, ओळखालच. इर्माताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
बाउदिलिओ कार्कामो

ता. क. आपला संसार बिनतक्रार चालतो असे ऐकतो. इर्माताईंना काही विचारावयाचे असल्यास आपण नेमके कोणते शब्द वापरता, ते उलट टपाली लिहून पाठवावे. शब्द थोडे असावेत, पाठ करावे लागतील. केवळ जिज्ञासा आहे.

आणखी ता. क. हे शब्द स्वयंपाकाच्या विनंतीसाठी हवे असतील असा आपला समज होईल. ते शब्द यास्नाने माझ्याकडून घोकून घेतले आहेत, येतात. मला विचारावयाचे आहे ते असे, की घर आहे तेथेच राहिले तर तिची हरकत आहे काय. आणि नसल्यास, त्या घरात मी असल्यास आहे काय. ती नाही म्हणाली तर त्यापुढे मनुष्य काय म्हणतो, तेही कळवावे.